काही तासांसाठी

आमच्याकडं वर्तमानपत्र सव्वासहाला पडतं आणि माझी कंपनीची बस सव्वासातला असते. मधल्या तासात चहा, डबा, चपात्या आणि सासऱ्यांना दहा मिनिटं पेपर वाचून दाखवणं एवढं सगळं बसवावं लागतं. सासऱ्यांना मी मामा म्हणते. अजिंठ्याकडच्या एका खेड्यात पस्तीस वर्षं पहिली ते चौथीची मुलं शिकवून ते निवृत्त झाले. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडं बजाजनगरला राहायला आले. नवरा चाकणला असतो, पंधरा दिवसांनी येतो. मुलगी नाशिकला नर्सिंग शिकते. त्यामुळं घरात आम्ही दोघंच, आणि दोघंही कमी बोलणारे. मामा बोलतात ते फक्त एका विषयावर.

तो विषय म्हणजे शेवटचा काळ. आम्ही ख्रिस्ती आहोत. प्रभु परत येणार यावर आमचा सगळ्यांचाच विश्वास आहे, माझाही आहे. पण मी तो विश्वास ठेवून डबा भरते. मामा तो विश्वास ठेवून जगाचा नकाशा बघतात. बायबलमधल्या दानीएल, यहेज्केल, प्रकटीकरण या पुस्तकांतले राजे आणि श्वापदं आजच्या कुठल्या देशांशी जुळतात याचा त्यांनी एक तक्ता केलेला आहे. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, स्केचपेननं, शाळेतल्या सुंदर अक्षरात. एका बाजूला वचनं, दुसऱ्या बाजूला देश, मधे बाण. दानीएलातला उत्तरेचा राजा गेल्या तीस वर्षांत चार वेळा बदलला. तिथं व्हाइटनरचे इतके थर आहेत की बोट फिरवलं तर उंचवटा लागतो.

आखाती युद्धाच्या वेळी त्यांची खात्रीच झाली होती. घराचे पत्रे गळत होते, नवे घालायचं ठरलं होतं, आणि मामांनी ते थांबवलं. आता कशाला, म्हणाले. पावसाळा आला, प्रभु आला नाही, आणि सासूबाईंनी आख्खा पावसाळा घरभर पातेली मांडून पाणी झेललं. तेव्हापासून मामांनी तक्ता उघडला की सासूबाई एवढंच विचारायच्या, "पत्र्यांचं काय ठरलं मग?" त्या गेल्यावर हा प्रश्न विचारायचं काम माझ्याकडं आलं.

मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. आधी ते भिंग घेऊन वाचायचे, मग भिंगानंही भागेना. रविवारी चर्चच्या उपासनेत बायबलमधला शास्त्रपाठ वाचायचं काम त्यांच्याकडं होतं. एका रविवारी त्यांनी भलताच अध्याय वाचला. वाचला म्हणजे पाठच होता, तो म्हटला. पुस्तक उघडं, नजर पुस्तकात, आवाज खणखणीत. मंडळीत कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. फक्त चर्च चालवणाऱ्या पाळकबाईंनी मागाहून हळूच सांगितलं. अध्याय चुकला याच्यापेक्षा कुणाच्या लक्षात आलं नाही हे त्यांना जास्त लागलं. त्यानंतर त्यांनी ते काम सोडलं.

मी त्यांना सिडकोतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर माझ्या मुलीपेक्षा फार तर पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. ती म्हणाली, "आजोबा, उजवा पूर्ण पिकलाय. महिन्याभरात काढू. आत सुजला आणि दाब वाढला तर नसेला मार बसतो. ती नजर मग परत येत नाही. डावा त्यानंतर महिन्यानं."

मामा शांतपणे म्हणाले, "बाई, तिथं नवं शरीर मिळणार आहे. दोन्ही डोळ्यांसकट."

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "आम्ही ख्रिस्ती आहोत."

"बरं," ती म्हणाली. "पण मोतीबिंदूचं काय?"

मी पुढच्या महिन्यातला एक मंगळवार ठरवून घेतला. रिक्षात मामांनी आपली अट सांगितली. तिकडं इस्राएलच्या आजूबाजूला युद्ध पेटलेलं होतं आणि रोज नवा देश त्यात ओढला जात होता. मामा म्हणाले, "हे थांबलं तर समजायचं, मुदत वाढली. मग बघू डोळ्याचं. नाही थांबलं तर वर्षभराचा प्रश्न आहे, कशाला कापाकापी?"

"आणि महिन्याभरात डोळा गेला तर?"

"वर्षभर असंच काढीन. आंधळे काय जगत नाहीत?"

"मामा, माझं ऐका," मी म्हटलं. मी वाळूजच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला आहे. गोळ्यांच्या पाकिटावर मुदत संपायची तारीख छापणाऱ्या मशिनी माझ्या देखरेखीखाली चालतात. "तारीख छापणं माझं काम. ठरवणं नाही. ती वरून लिहून येते. मी माझ्या अंदाजानं एक दिवस जरी पुढं-मागं केला तर दुसऱ्या दिवशी घरी. प्रभुनंही तेच सांगितलंय की, तो दिवस फक्त पित्याला ठाऊक. ते खातं आपलं नाही."

"मी तारीख कुठं सांगतोय? मी ऋतू सांगतोय. अंजिराला पालवी फुटली की उन्हाळा जवळ आला हे कळतं का नाही?"

"पत्र्यांचं काय ठरलं मग?"

ते बाहेर बघायला लागले. बाहेरचं त्यांना काही दिसत नव्हतं हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

पुढचे दोन आठवडे मी रोज सकाळी युद्ध वाचून दाखवलं. मामांना बाकी काही नको असायचं. जायकवाडीत पाणी किती आलं, शहागंजात कुठला रस्ता खोदला, यात त्यांना रस नव्हता. कुठल्या देशानं काय टाकलं, कुणी कुणाला इशारा दिला, एवढं ऐकायचे आणि मान हलवायचे. आनंदानं नव्हे, तसं म्हणणं अन्याय होईल. पण गणिताचं उत्तर बरोबर आल्यावर मास्तर जसे मान हलवतात, तशी. मी मेलेल्यांचे आकडे वाचायची आणि ते म्हणायचे, "जुळतंय."

मंगळवार दहा-बारा दिवसांवर आला तेव्हा एका सकाळी पहिल्या पानावर बातमी होती की, मदतीचे ट्रक आत जाऊ द्यायला काही तासांसाठी गोळीबार थांबवला. मी मोठ्यानं वाचलं, "मदतीचे ट्रक आत जाऊ देण्यासाठी गोळीबार थांबवला."

मधले दोन शब्द मी गिळले. ठरवून केलं असं म्हणणार नाही, पण चुकून झालं असंही म्हणणार नाही. तवा तापला होता, बसला वीस मिनिटं होती, आणि समोर एक माणूस आपला डोळा घालवायला निघाला होता. शब्द गळ्याखाली गेले.

मामांनी चहाची बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे मुदत वाढली."

"तसं दिसतंय."

"मंगळवारी किती वाजता जायचंय?"

खोटं एकदा बोलून भागत नाही, ते रोज शिजवावं लागतं हे मला त्या दहा दिवसांत कळलं. मी रोज पेपर वाचला. जायकवाडीची पातळी, कांद्याचे भाव, समृद्धीवरचे अपघात. मामांनी विचारलं, "तिकडं शांत आहे?" की मी म्हणायची, "आज काही नाही." आमचा टीव्ही मुलीच्या बारावीच्या वर्षी बंद केला तो बंदच आहे. मामांचा फोन बटणांचा. बाकी बातमी येण्याची वाट फक्त माणसांची होती, आणि ती वाट मी विसरले.

दर बुधवारी संध्याकाळी सातला आमच्या घरी प्रार्थना असते. आसपासची दहा-बारा माणसं येतात. भजन होतं, वचन होतं, मग देवानं आपल्यासाठी काय केलं याची ज्याला साक्ष द्यायची तो उभा राहून देतो. शेवटी वही निघते. ही वही मामांची. गावच्या मंडळीतली पद्धत त्यांनी इकडं आणली. कुणासाठी प्रार्थना करायची त्याचं नाव वहीत लिहायचं. नाव लिहिलं की पुढच्या बुधवारी त्याची चौकशी करून यायचं, हा नियम. नुसतं लिहून मोकळं व्हायचं नाही. माणूस बरा झाला, नोकरी लागली, पोर सुखरूप बाळंत झाली, की त्या नावावर बारीक रेघ मारायची, खालचं नाव वाचता येईल अशी. तोवर दर बुधवारी विचारत राहायचं. डोळे गेल्यापासून मामा सांगायचे आणि मी लिहायची.

त्या बुधवारी साक्षीच्या वेळेला मामा उभे राहिले. भिंतीला हात लावून नीट उभे राहिले आणि म्हणाले, "परमेश्वराची स्तुती असो. त्यानं पवित्र भूमीत शांती आणली. गोळीबार थांबला. आपल्याला आणखी थोडा वेळ दिला. मी येत्या मंगळवारी डोळ्याचं ऑपरेशन करून घेतोय, त्यासाठीही प्रार्थना करा."

आमच्या गल्लीत एक निवृत्त रेल्वे गार्ड आहेत. आम्ही त्यांना गार्डकाका म्हणतो. सकाळपासून रात्रीपर्यंत फोनवर युद्धाचे व्हिडिओ बघणं आणि पुढं पाठवणं हा त्यांचा उद्योग. त्यांनी तोंड उघडलं, "मास्तर, कुठलं थांबलं? आज सकाळीच तर..."

"आमेन!" जालन्याच्या मावशी इतक्या जोरात म्हणाल्या की गार्डकाका दचकले. मावशी आमच्या मंडळीतल्या सगळ्यांत वयस्कर बाई, जालन्याहून सून म्हणून आल्या त्याला पन्नास वर्षं झाली तरी जालन्याच्याच. त्यांनी लगेच भजन उचललं, चुकीच्या पट्टीत उचललं, आणि सगळ्यांना त्या पट्टीत ओढत नेलं. मामा खाली बसले. त्यांचा चेहरा समाधानी होता. मला भिंतीत शिरावंसं वाटत होतं.

चहाच्या वेळी मावशी स्वयंपाकघरात आल्या आणि दार लोटून घेतलं.

"म्हाताऱ्याला फसवती व्हय गं?"

"डोळा जाईल, मावशी."

"ते समजलं मला. म्या काय येडी नाय." त्यांनी कपबश्या पुसायला घेतल्या. "मंगळवारी डोळा व्हईल नीट. बुधवारी त्येच डोळ्यानं पेपर वाचंल. मग गं?"

"मग बघू."

"सासराबी त्येच म्हणतो, सूनबी त्येच म्हणती," मावशी म्हणाल्या. "बघू, बघू. एकाला दिसंना आन दुसरीला बघायचं नाय."

बाहेर जाऊन त्यांनी गार्डकाकांना काय सांगितलं मला माहीत नाही, पण त्या रात्री गार्डकाका मामांशी फक्त बटाट्यांबद्दल बोलले.

मंगळवारी ऑपरेशन झालं. वीस मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. 'डोळे उघडले' वगैरे मी इथं काही लिहिणार नाही. मोतीबिंदू काढला, भिंग बसवलं, एवढंच झालं. मामांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "सूनबाई, तू केवढी पिकलीस गं!" केस रंगवायला मला वर्षभर सवड झाली नव्हती. मी म्हटलं, "ओणवं व्हायचं नाही, डोक्यावरून आंघोळ करायची नाही, दिवसातून सहा वेळा थेंब."

मी चार दिवस रजा घेतली होती. पेपरवाल्याला आठवडाभर पेपर टाकू नको म्हणून सांगितलं. रद्दी बांधून गच्चीवर ठेवली. मामांना आराम हवा म्हणून त्या बुधवारची प्रार्थनाही रद्द केली. सगळी व्यवस्था केली. मशिनीवर काम करणारी बाई आहे मी, कुठं काय अडकू शकतं ते आधी बघते. तरी चुकले, आणि तेसुद्धा मेथीवरून.

ऑपरेशननंतरच्या शनिवारी दुपारी मी खाली बसून मेथी निवडत होते. मेथी निवडायची तर खाली पेपर लागतो. ओट्याखालच्या खणात अंथरलेला जुना पेपर मी हात घालून ओढला आणि पसरला. त्याच्यावर काय छापलंय ते बघितलंसुद्धा नाही. मामा समोर खुर्चीत होते, हिरवा चष्मा लावून. मान पुढं काढून कागदाकडं बघत होते. मग त्यांनी विचारलं, "तो कागद जरा दे."

"मेथी आहे त्याच्यावर."

"मेथीसकट दे."

मी दिला. त्यांनी तो गुडघ्यावर घेतला, पानं बोटानं बाजूला केली, चष्मा कपाळावर सरकवला आणि वाचलं. हळू वाचलं, पहिलीतलं मूल वाचतं तसं, एकेका शब्दावर थांबून. "मदतीचे ट्रक... आत जाऊ देण्यासाठी... काही तासांसाठी... गोळीबार थांबवला." मग तारीख वाचली. मग परत मधले दोन शब्द वाचले.

मी मेथीची काडी मोडत राहिले.

"हे दोन शब्द माझ्या कानापर्यंत आले नाहीत वाटतं," ते म्हणाले.

"नाही आले."

"अजून चालू आहे तिकडं?"

"हो."

"रोज?"

"रोज."

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं, मला भांडता येतं. पण ते म्हणाले, "मी मंडळीसमोर उभा राहून साक्ष दिली, पोरी. पस्तीस वर्षं मुलांना सांगितलं, न बघितलेलं बघितलं म्हणू नका." त्यांचा आवाज चढला नाही, उलट उतरला.

"येत्या बुधवारी मी सांगते," मी म्हटलं. "तुम्ही नका उभे राहू. माझी चूक आहे, मी सांगते."

त्यांनी मान हलवली. कागद मला परत देण्यासाठी घडी करायला लागले आणि मधेच थांबले. बातमीच्या खाली एक फोटो होता. मेथीची दोन पानं त्याच्यावर चिकटली होती, ती त्यांनी नखानं काढली. एक मुलगी होती, हातात पिवळी बादली, मागं पडलेल्या घरांचा ढिगारा. मी तो फोटो त्या दिवशी सकाळी बघितला होता आणि नव्हताही. मला त्या दिवशी दोन शब्दांचं पडलं होतं.

मामांनी कागद खिडकीकडं धरला.

"तिसरीतली असेल," ते म्हणाले.

"काय माहीत."

"तिसरीतलीच. चौथीतल्या मुली बादली अशी दोन्ही हातांनी धरत नाहीत." मग बोट खाली सरकवत, "दोन पायांत दोन वेगळ्या चपला आहेत. बघितलंस का?"

मी उठून बघितलं. एक निळी होती, एक तपकिरी, आणि तपकिरी मोठ्या माणसाची होती.

त्यांनी कागद घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला. मेथीला मला दुसरा पेपर शोधावा लागला.

पुढचे तीन दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलले. थेंब घालताना मान मागं करायचे, झालं की थँक यू म्हणायचे. घरात कुणी थँक यू म्हणायला लागलं की समजावं, काहीतरी बिघडलंय. डाव्या डोळ्याचा विषय मी काढला नाही. महिन्यानंतरचा बुधवार डॉक्टरनं लिहून दिला होता, ती चिठ्ठी फ्रिजवर चिकटवलेली होती. पण त्यांची अट होती आणि अट मोडली होती. युद्ध चालू होतं, हे आता त्यांना ठाऊक होतं. आणि माझ्या तोंडून निघालेल्या कुठल्याही गोष्टीला आता वजन उरलेलं नव्हतं. डावा डोळाही पिकतच होता, हे मात्र खरं होतं, मी बोलले काय न बोलले काय.

बुधवारी मी उभी राहिले. मी साक्ष वगैरे कधी देत नाही, माझ्या पायांना सवय नाही. चार वाक्यांत सांगितलं. "मागच्या वेळी मामांनी सांगितलं की युद्ध थांबलं. त्यांना तसं मी वाचून दाखवलं होतं. ते खोटं होतं. डोळ्यासाठी केलं, पण केलं मी." आणि बसले.

गार्डकाका हसले. वाईट माणूस नाही, पण त्यांना हसू दाबता येत नाही. "मला वाटलंच! मास्तर, म्हणजे तुमचा तक्ता बरोबरच होता की. हे वाढतच जाणार. लिहूनच ठेवलंय तसं."

मामा उठले नाहीत. बसूनच खिशातून घडी केलेला कागद काढला आणि गार्डकाकांच्या हातात दिला. "हा फोटो बघा."

गार्डकाकांनी बघितला. "असे लई येतात. मी तुम्हाला व्हिडिओ दाखवतो."

"व्हिडिओ नको. हिच्या चपला बघा."

फोटो हातोहात फिरला. मावशींनी तो डोळ्यांजवळ नेला आणि "अगं माय" एवढंच म्हणाल्या.

मामा म्हणाले, "लिहून ठेवलंय, खरंय. लढाया होतील, लढायांच्या आवया उठतील, प्रभुनं सांगितलंय. ते मी नाकारत नाही. पण तिथल्याच पवित्र शहराचा नाश होणार हे प्रभुनं सांगितलं तेव्हा तो काय करत होता? रडत होता. डोंगराच्या उतारावरून शहर दिसलं आणि रडत रडत सांगितलं त्यानं. मी इतकी वर्षं तेच सांगतोय. एकदाही रडलो नाही. मी खडू घेऊन सांगत होतो."

बाहेर कुणाची तरी पाण्याची टाकी भरून वाहत होती.

"मग तक्ता बंद का?" गार्डकाकांनी विचारलं, पण या वेळी हसले नाहीत.

"तक्ता तसाच राहील. तो येणार आहे, मला ठाऊक आहे. पण येईल तेव्हा मला विचारणार नाही की उत्तरेचा राजा कोण ते ओळखलंस का. ती खाती त्याची." त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, पण वाक्य माझं होतं. "सूनबाई, वही आण."

मी आणली. उजव्या डोळ्यासमोर वही धरून, दीड वर्षानं पहिल्यांदा, त्यांनी स्वतः लिहिलं. अक्षर थोडं तिरकं गेलं. नाव माहीत नव्हतं म्हणून लिहिलं: 'पिवळ्या बादलीची मुलगी.' त्याच्याखाली आणखी एक ओळ लिहिली: 'आणि पलीकडच्या बाजूची जी कुणी असेल ती.' आम्ही प्रार्थना केली. मावशींनी केली. त्यांना देशांची नावं येत नव्हती, म्हणून त्यांनी सगळी दोन्हीकडची पोरं आणि दोन्हीकडच्या आया देवाच्या पदरात टाकल्या. चांगली झाली प्रार्थना. लांबली नाही.

अडचण पुढच्या बुधवारी आली. वहीचा नियम होता की विचारून यायचं. मामांनी वही उघडली आणि क्रमानं विचारत गेले. गार्डकाकांच्या मेहुण्याचा बीपी? बरा. पाळकबाईंच्या भाचीची परीक्षा? झाली. मग ते थांबले. "बादलीची मुलगी?"

कोण सांगणार? मावशी म्हणाल्या, "आवं मास्तर, तिचं कसं कळावं?"

"पेपरात बघायचं," मामा म्हणाले. "फोटो येतात."

तेव्हापासून ते रोज सकाळी पेपर स्वतः घेऊन बसायला लागले. मला वाचून दाखवायला सांगणं बंद झालं. मला ते लगेच कळलं नाही, दोन-तीन दिवस मी चहाच्या वेळी उगाच मोकळे हात घेऊन उभी राहिले तेव्हा कळलं. ते एका डोळ्यानं फोटो बघायचे, एकेक चेहरा. दहा मिनिटांत डोकं दुखायचं, कारण एक डोळा स्वच्छ आणि दुसरा दुधाळ, मेंदूला कळत नाही कुणाचं ऐकावं. मग पेपर बाजूला ठेवून डावा डोळा हातानं झाकून बसायचे. मी बघायची आणि चपाती उलटायची. काही म्हणायचं नाही असं ठरवलं होतं. एकदा शब्द गिळले होते, आता दुसरे गिळायचे होते.

फ्रिजवरच्या चिठ्ठीतला बुधवार आला. मी रजा टाकलेली नव्हती. ज्याचं त्यानं ठरवावं. सकाळी साडेसहाला मामा चहाला आले आणि मला त्यांच्या डोक्याला साबणाचा वास आला.

"डोकं कधी धुतलंत?"

"काल संध्याकाळी."

"कशाला?"

"नंतर पंधरा दिवस धुवायचं नाही म्हणालीस ना मागच्या वेळी." त्यांनी बशीत चहा ओतला. "एका डोळ्यानं किती शोधणार मी?"

मी गॅस बंद केला आणि सुपरवायझरला फोन लावला. तिकडून काय म्हणाले ते मी ऐकलंच नाही, मी येत नाही एवढं सांगून ठेवून दिला. मामांनी खांद्याच्या पिशवीत वही घातली. "आज बुधवार आहे. आपण संध्याकाळपर्यंत परत येऊ ना?" मी म्हटलं, येऊ. आलो.

त्याला आता काही महिने झाले. युद्ध थांबलेलं नाही, एका ठिकाणी जरा निवतं, दुसऱ्या ठिकाणी पेटतं. तक्ता कपाटाच्या दारामागं लटकलेला आहे, मी काढला नाही आणि त्यांनी पुढं भरला नाही. न्हाणीवरचा पत्रा गळत होता तो मात्र त्यांनी मिस्त्री बोलावून बदलून घेतला, मला न विचारता. रविवारचा शास्त्रपाठ परत त्यांच्याकडं आला. आता ते मधे थांबून ओळीवर बोट ठेवतात, म्हणजे खरंच वाचतात.

पिवळ्या बादलीची मुलगी अजून सापडलेली नाही. वहीत तिच्या नावावर रेघ नाही. दर बुधवारी मामा विचारतात आणि दर बुधवारी आम्ही म्हणतो, अजून नाही. मग पुढचं नाव. गेल्या महिन्यात गार्डकाका फोन घेऊन आले आणि म्हणाले, "मास्तर, ही बघा, हीच तर नाही?" ती नव्हती, तिचे केस वेगळे होते. पण मामांनी तिचंही नाव लिहून घेतलं.

आता सकाळी मी चपात्या लाटते आणि मामा मला पेपर वाचून दाखवतात. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, जायकवाडीच्या पातळीसकट. एकही शब्द गाळत नाहीत. परवा वाचताना त्यांच्या वाटेत 'काही तासांसाठी' हे शब्द आले. ते थांबले, माझ्याकडं बघून घसा साफ केला, आणि ते दोन शब्द असे मोठ्यानं वाचले की शेजारच्या घरात ऐकू गेले असतील.

मी म्हटलं, "ऐकलं, मामा. पुढं वाचा, बस येईल."